रामफळाचं विरजण

नागझरवाडीत रामफळाच्या झाडावर वानरांची अख्खी टोळी बसलेली असे आणि झाडावरचं एकही फळ कमी होत नसे. बाहेरगावचा माणूस ते पाहून थबकायचा. वानरं फांद्यांवरून शेपट्या सोडून ऊन खात, एकमेकांच्या अंगातल्या उवा वेचत, पिल्लं या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत आणि त्यांच्या नाकासमोर तांबूस फळं लोंबत असत. चिकूचं तेच, पेरूचं तेच. वाडीतल्या पंचवीसेक घरांच्या परसातलं फळ त्यांना नकोसं झालं होतं.

हे कुलूपकलमांमुळे झालं होतं. त्याआधी अशी वेळ होती की परसातलं फळ माणसाच्या तोंडात पडणंच बंद झालं होतं. डोंगरावरचं रान आटलं तशी वानरं खाली उतरली. फटाके लावून झाले, जाळी टाकून झाली. बुजगावण्याच्या खांद्यावर बसून वानरं पेरू खाऊ लागली, तेव्हा लोकांनी हात टेकले. मग डोंगरापलीकडच्या फळसंशोधन केंद्राने ही कलमं आणली. त्यामागची कल्पना साधी होती. या कलमांच्या फळात साखरेबरोबरच एक महाकडू द्रव्य तयार व्हायचं. कडुलिंब परवडला, पण हे नको. हे झालं कुलूप. त्याची किल्ली होती एका जिवाणूपाशी. दह्यातल्या जिवाणूंचाच तो लांबचा भाऊबंद. तो माणसाच्या तोंडात, जिभेच्या मुळाशी राहायचा आणि एक विकर सोडायचा. विकर म्हणजे शरीरातली कामं झटपट उरकणारं द्रव्य. भाकरी चावता चावता गोड लागते ती लाळेतल्या विकरामुळेच. हे नवं विकर कडू द्रव्याचे दोन तुकडे करायचं आणि कडूपणा जागच्या जागी मरायचा. घास घेतला की क्षणभर कडू झाक यायची, मग गोडी उतरायची.

प्रत्येक घराचं कुलूप वेगळं आणि किल्लीही वेगळी होती. नाहीतर एका घरची किल्ली हाती लागताच वानरांनी सगळी वाडी फस्त केली असती. केंद्रात त्या जिवाणूला लांबलचक नाव होतं. वाडीतल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याला विरजण म्हटलं आणि तेच रूढ झालं.

विरजणासारखंच ते जपावं लागे. लाळेबरोबर किल्ली बाहेर जाऊ नये म्हणून खाल्लेल्या फळाची साल, बिया, उरलासुरला गर, सगळं चुलीत टाकायचं. नवी सून घरात आली की सासू आपण चावलेलं फळ आठदहा दिवस तिच्या हातात ठेवी, तेव्हा कुठे तिच्या तोंडात विरजण लागे. ही एक रीत नव्याने आली. एक जुनी रीत गेली. झाडाची पहिली फळं शेजारी वानवळा म्हणून पाठवायचं बंद झालं. आपल्या झाडाचं गोड फळ शेजाऱ्याला कडूजहर लागणार, आणि उष्टं कोणी कोणाला पाठवत नाही.

रूपेश पाष्टे यांना या कशाचीच तक्रार नव्हती. सत्तरी गाठलेला माणूस. परवापरवापर्यंत पंचक्रोशीतले सौरपंप त्यांनी दुरुस्त केले होते. मूलबाळ नव्हतं. परसात विहिरीच्या अंगाला एक रामफळ होतं, ते चौदा वर्षांपूर्वी मयूरीने, म्हणजे त्यांच्या बायकोने लावलेलं. कलम आणायला ती स्वतः केंद्रावर गेली होती आणि परतताना एसटीत ते मांडीवर धरून बसली होती. रामफळच का, असं विचारल्यावर म्हणाली होती, "बाजारात मिळत नाही म्हणून." झाडाला पहिली फळं लागली तेव्हापासून दोघांचा एक नेम होता. माघ ते चैत्र, रोज सकाळी एक फळ, मागच्या दारी पायरीवर बसून, अर्धं तिला आणि अर्धं यांना.

मयूरी जाऊन दोन वर्षं होत आली होती. मागच्या हंगामात त्यांनी एकट्याने फळं खाल्ली. रोज एक संपवणं जड जायचं, पण त्यांनी नेम मोडला नाही. झाडावरची काही फळं मोजणीला कमी भरली, ती वाऱ्याने पडली असतील असं त्यांनी धरलं. क्षणभराची कडू झाक आणि मग ती रवाळ गोडी आली की पायरीवर शेजारी कोणी नाही, हे थोडा वेळ सहन व्हायचं.

मग भाद्रपदात त्यांना न्यूमोनिया झाला. चिपळूणच्या इस्पितळात सोळा दिवस काढले. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि त्यासाठी जी औषधं द्यायची ती दिली. चूक कोणाचीच नव्हती. माघात पहिलं रामफळ पिकलं. त्यांनी ते पायरीवर बसून फोडलं, चमचाभर गर तोंडात घातला आणि पुढच्याच क्षणी अंगणात थुंकले. वाटलं, एखादं फळ असं निघतं. दुसऱ्या दिवशी दुसरं फोडलं. तिसऱ्या दिवशी तिसरं. चौथ्या दिवशी ते नुसतेच पायरीवर बसले होते, तेव्हा वरच्या फांदीवर सालीचा आवाज झाला.

एक वानरी फळ खात होती. तिची शेपटी अर्ध्यावर तुटलेली होती, विजेच्या तारेने असावी. दोन्ही हातांत रामफळ धरून ती चवीचवीने गर ओरपत होती आणि कुशीला चिकटलेलं पिल्लू तिच्या हनुवटीवरचा रस चाटत होतं. बाकीची टोळी शेजारच्या फांद्यांवर ढिम्म बसून होती.

रूपेशरावांनी केंद्राला फोन लावला.

डॉ. तन्वी सावर्डेकर दोन दिवसांनी आल्या. चाळिशीच्या असतील. त्यांनी झाडाखाली पडलेली वानरीची उष्टी फळं चिमट्याने उचलली, रूपेशरावांच्या जिभेवरून कापसाचा बोळा फिरवला आणि मागच्या दाराच्या पायरीवर आपली पेटी उघडून दीड तास काम करत बसल्या. रूपेशरावांनी चहा करून आणला.

"झाड बिघडलं ना मॅडम?" त्यांनी विचारलं.

"झाड उत्तम आहे काका. कुलूप जिथल्या तिथे आहे. तुमच्या तोंडातली किल्ली गेली."

"कुठे गेली?"

"न्यूमोनियाची औषधं घेतलीत ना, ती आजाराचे जिवाणू मारतात. आपला कोण, परका कोण, ते त्यांना कळत नाही. आजाराबरोबर विरजणही गेलं."

"मग याआधी कधी कसं गेलं नाही? गोळ्या काय आम्ही आधी घेतल्या नाहीत?"

"तेव्हा काकू होत्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्यातलं गेलं तर एका ताटात जेवताना, एका चमच्याने खाताना त्यांच्याकडून परत आलं असेल. घरात दोन तोंडं असली की एकातलं गेलं तरी दुसऱ्यातलं उरतं."

रूपेशराव म्हणाले, "केंद्रात आमचं विरजण ठेवलेलं असेल की. गोठवून ठेवतो म्हणाले होते."

"बारा वर्षांसाठी होतं ते. योजना संपली तेव्हा सगळ्या घरांचे नमुने नष्ट केले. तसं कळवलंही होतं."

त्यांना आठवलं. तसं पत्र आलं होतं. मयूरीच्या शेवटच्या आजारपणात आलं होतं आणि ते त्यांनी वाचून डब्यात ठेवून दिलं होतं. त्या वेळी रामफळाची काळजी करायला सवड कोणाला होती?

"मग ती वानरी कशी खाते?"

डॉक्टरबाईंनी कप खाली ठेवला. "तेच सांगणार होते. तिच्या लाळेत किल्ली आहे, आणि ती तुमच्याच घरची आहे. ही आपोआप तयार होत नाही काका. तिने या घरातल्या कोणाचं तरी उष्टं खाल्लंय, तेही एकदा नाही, पुष्कळ दिवस."

"शक्य नाही," रूपेशराव म्हणाले. "इतकी वर्षं मी साल न साल चुलीत घातली. एक बी बाहेर जाऊ दिली नाही. मी तर वानरांना बेचकीने हाणणारा माणूस."

"तुम्ही नसाल," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या.

त्या गेल्यावर बराच वेळ ते तिथेच बसून राहिले. मयूरीचा शेवटचा हंगाम त्यांच्या डोळ्यांपुढे आला. तिला अन्न जात नव्हतं. दोन घास पोटात गेले तरी खूप, असं डॉक्टर म्हणाले होते. रूपेशराव रोज सकाळी तिचा वाटा वाटीत घालून तिला पायरीवर बसवत आणि पंपाच्या कामाला लागत. परत येऊन बघावं तर वाटी रिकामी. "आज सगळं संपवलंस," ते म्हणत, आणि ती हसून मान डोलवायची. त्या रिकाम्या वाटीवर त्यांनी पूर्ण दोन महिने आशा धरली होती. खाते आहे म्हणजे बरी होईल, असं वाडीत दहा जणांना सांगितलं होतं.

आता त्यांना कळलं की ती एखाददुसरा घास घेत असे आणि बाकीचं वानरीला देत असे. त्यांचं मन मोडू नये म्हणून तिने हे केलं असेल. किंवा पायरीवर एकटं बसून कंटाळा येत असेल आणि समोर एक तुटक्या शेपटीची वानरी येऊन बसत असेल. पहिल्यांदा त्यांना राग आला, आणि राग ओसरल्यावर जे मागे राहिलं त्याला त्यांच्याकडे नाव नव्हतं. मयूरीच्या तोंडातलं काहीतरी या जगात अजून जिवंत होतं. ते त्या झाडावर बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला.

"मॅडम, त्या वानरीच्या लाळेतून आमचं विरजण काढून मला देता येईल का?"

"नाही. प्राण्याच्या तोंडातून निघालेलं काहीही माणसाला द्यायला कायद्याने बंदी आहे. त्यांचे आजार आपल्याला होऊ शकतात. प्रयोगशाळेत मी ते वेगळं करू शकते, पण तुम्हाला देऊ शकत नाही."

"मग मी सरळ तिचं उष्टं फळ खाल्लं तर?"

"काका, केंद्राची शास्त्रज्ञ म्हणून मी हे ऐकलंच नाही. पण खाल्लंत तर रोज खावं लागेल. दूध तासाभरात विरजत नाही ना, तसं. आठदहा दिवस कडू लागत राहील. ताप आला तर एक दिवसही घरी थांबू नका. आणि," त्या थांबल्या, "त्या वानरीचं काय करायचं ते आपल्याला ठरवावं लागेल. तिचं पिल्लू तिचं उष्टं खातंय. पुढच्या वर्षी दोघं खातील, त्याच्या पुढच्या वर्षी टोळी. मग या झाडाला कुलूप असून नसल्यासारखं."

रूपेशराव दुसऱ्या दिवसापासून सकाळी झाडाखाली जाऊन उभे राहू लागले. वानरी पहिल्या दिवशी त्यांना बघून वरच्या शेंड्याला गेली. त्यांची बेचकी त्या टोळीला तोंडपाठ होती. ते पायरीवर जाऊन बसले, तेव्हा ती खाली आली, तिने एक फळ तोडलं, अर्धं खाल्लं आणि टाकून दिलं. वानरांची ही जुनी खोड. या खोडीवरून त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या होत्या. आता त्यांनी ते अर्धं फळ उचललं. दातांच्या खुणांवर मुंग्या चढायला लागल्या होत्या. त्या त्यांनी फुंकरीने उडवल्या आणि दातांच्या खुणांपासूनच खायला सुरुवात केली.

पृष्ठभागावर जिथे तिची लाळ लागली होती तिथे थोडी गोडी होती, पण खालचा गर तसाच कडू होता. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी विहिरीच्या कठड्याला धरून तो घास गिळला.

असे नऊ दिवस गेले. रोज ते उष्टं उचलायचे, रोज कडू गिळायचे. त्यात एक गंमत झाली. वानरी त्यांना सरावली. चौथ्या दिवशी ते झाडाखाली असतानाच तिने फळ तोडलं. सातव्या दिवशी ती परसाच्या दगडी गडग्यावर, त्यांच्यापासून दहा हातांवर बसून खात होती आणि पिल्लू त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. रूपेशरावांच्या मनात आलं, मयूरीने हे एवढं अंतर किती दिवसांत कापलं असेल? भाकरीच्या तुकड्याने सुरुवात केली असेल का? ती तिच्याशी बोलत असेल का, आणि काय बोलत असेल? विचारायला कोणी नव्हतं.

दहाव्या दिवशी त्यांनी स्वतः तोडून पिकवलेलं अख्खं फळ फोडलं. घास घेतला. कडू झाक आली, जिभेवर थांबली, नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली आणि मग विरत गेली. मागून गोडी आली. ते पायरीवर बसून ते फळ शेवटच्या बीपर्यंत खात राहिले, आणि खाताना त्यांना हुंदका आवरला नाही. चव तीच होती. पायरीवरची डावी बाजू मात्र रिकामीच होती, आणि गोडी जितकी वाढत गेली तितकी ती जास्त रिकामी दिसू लागली.

डॉक्टरबाई त्याच आठवड्यात आल्या. त्यांनी बोळा फिरवून तपासलं आणि हसल्या. "विरजण लागलं." मग पिशवीतून सहा केळी काढली. "यात औषध आहे. वानरीला आणि पिल्लाला काही इजा होणार नाही, फक्त तोंडातली किल्ली जाईल. ती रानातलं खाईल, बाकी टोळी खाते तसंच. निर्णय तुमचा. जबरदस्ती नाही. पण पुढच्या वर्षी तुम्हाला फळ हवं असेल तर हे करावं लागेल."

"तिला नाही दिलं तर?"

"तर दोन वर्षांत तुम्ही पुन्हा बेचकी हातात घ्याल."

ते खरं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. झाडावर जेमतेम शंभर फळं होती. त्यातली वीस वानरीने आधीच संपवली होती. पण खरं कारण ते नव्हतं, हेही त्यांना ठाऊक होतं. मयूरीचं विरजण आता पुन्हा घरात आलं होतं. ज्या तोंडाने त्यांच्याशी तीस वर्षं संसाराच्या गोष्टी केल्या त्या तोंडातलं ते शेवटचं जिवंत उरलेलं होतं, आणि ते एका वानरीबरोबर वाटून घ्यायला त्यांचं मन तयार होईना. आपल्या माणसाचं जे आहे ते आपल्याकडेच असावं, एवढं साधं ते होतं.

सकाळी त्यांनी एक केळं गडग्यावर ठेवलं आणि दुसरं हातात धरून उभे राहिले. वानरी आली. आधी गडग्यावरचं केळं बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. पिल्लाने गडग्यावरचं उचललं. वानरी चार पावलं पुढे आली, थांबली, आणि लांब काळा हात पुढे करून तिने त्यांच्या तळहातावरचं केळं घेतलं. तिच्या बोटांचा स्पर्श कोरडा आणि गार होता. ती तिथेच, त्यांच्या पायांपाशी बसून, सोलून खाऊ लागली.

असं तीन दिवस द्यायचं होतं. तिन्ही दिवस ती हातातून घेऊन गेली.

पाचव्या दिवशी ती नेहमीच्या फांदीवर आली. फळ तोडलं, चावलं, आणि थुंकली. फळ नाकाशी नेऊन हुंगलं. दुसरं तोडलं, चावलं, टाकलं. तिसरं. पिल्लाने तिच्या हातातलं चाटलं आणि तोंड वेडंवाकडं करून तिच्या पोटात डोकं खुपसलं. चौथं फळ तिने तोडलं नाही. ती फांदीवरून खाली उतरून गडग्यावर येऊन बसली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

रूपेशराव पायरीवर होते, अर्धं फळ हातात होतं. तोंडात गोडी होती. माघात तीन दिवस आपण असेच बसलो होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना घास गिळवेना. ते उठले आणि हातातलं उष्टं फळ तिच्यापुढे धरलं. वानरी दोन पावलं मागे सरली. तिने त्या हाताकडे बघितलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं, पिल्लाला पोटाशी घेतलं आणि गडग्यावरून पलीकडे उडी मारली.

त्यांनी डॉक्टरबाईंना फोन केला.

"तिला पुन्हा विरजण लागेल ना मॅडम? मी उष्टं दिलं तर? मला लागलंच ना."

"लागेल काका, पण तिने रोज खाल्लं पाहिजे, आठदहा दिवस." त्या जरा घुटमळल्या. "तुम्ही नऊ दिवस कडू खाल्लंत, कारण पुढे गोडी आहे हे तुम्हाला माहीत होतं. तिला ते कसं सांगणार? जनावर एकदा फसलं की त्या चवीकडे फिरत नाही. आणि त्या हाताकडेही."

"मयूरीने सांगितलं होतं तिला," रूपेशराव म्हणाले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "केंद्राच्या नोंदीत मी लिहिते, झाड पूर्ण सुरक्षित." आणि फोन ठेवला.

त्या वर्षी रामफळ खरंच सुरक्षित राहिलं. त्यानंतर वानरांनी एकही फळ तोडलं नाही. रूपेशरावांनी एकदा शेजारच्या घरी चार फळं नेऊन दिली. शेजारणीने ती आदराने घेतली आणि दोघांनाही ठाऊक होतं की ती कोणी खाणार नाही.

उरलेला हंगामभर ते रोज सकाळी पायरीवर बसत, फळ फोडत, अर्धं खात आणि उरलेलं अर्धं तळहातावर घेऊन हात पुढे करून ठेवत. टोळी येई, झाडावर बसे, उन्हं वर आली की डोंगराकडे निघून जाई. तुटक्या शेपटीची वानरी कधी असे, कधी नसे. असली तर सगळ्यात लांबच्या फांदीवर असे. रूपेशराव तिच्याशी बोलू लागले होते. आधी शब्द सुचत नसत, मग सुचू लागले. कधी मयूरीबद्दल, कधी पंपांबद्दल, कधी नुसतंच, ये, गोड आहे. हात भरून येई. मग ते हात खाली घेत, आणि थोड्या वेळाने पुन्हा पुढे करत.